हनुवटीवरचा उजेड

उस्मानपुऱ्यातल्या त्या स्किन क्लिनिकमध्ये मी कामाला लागले तेव्हा माझ्याच तोंडावर मुरुमांचं रान माजलेलं होतं. पार्लरचा कोर्स करून आले होते, दुसऱ्यांच्या भुवया आणि फेशियल हाताखालून गेलं होतं, पण स्वतःच्या गालापुढं माझं काही चालत नव्हतं. डॉक्टर मॅडमनी मला खुर्चीत बसवलं, दिवा जवळ ओढला, हनुवटी वर केली आणि विचारलं, "फोडतेस ना?"

"व्हय," मी म्हणाले आणि लगेच "हो" अशी दुरुस्ती केली.

"व्हय चालेल. फोडणं नाही चालायचं."

मॅडम शहरातल्याच. त्यांच्याकडं आधीच्या पिढ्यांत भिक्षुकी, मग कचेरीतली कारकुनी, आणि त्या घरातल्या पहिल्या डॉक्टर. आमचं घर गंगापूर तालुक्यातलं, मेंढरांचं. लागोपाठ पावसानं दगा दिला, रानात चरायला काडी उरली नाही, तशी वडिलांनी मेंढरं विकली आणि आम्हाला घेऊन शहरात आले. बीड बायपासला तेव्हा इमारतींमागं इमारती उठत होत्या. अशाच एका अर्ध्या झालेल्या इमारतीवर त्यांना राखणीचं काम मिळालं आणि आवारातच पत्र्याची खोली. मेंढरांमागं कोसकोस चालणारा माणूस एका गेटापाशी खुर्ची टाकून बसायला लागला. त्यांनी तक्रार केली नाही. मी मात्र तेव्हाच ठरवून टाकलं होतं की आपण शहरात आलोय ते नुसतं बसायला नाही.

मॅडमकडं निळ्या आणि तांबड्या दिव्यांचं एक पॅनल होतं. डोळ्यांवर जाड पट्टी बांधायची, चेहरा धुवून कोरडा करायचा आणि त्या उजेडाखाली गप पडून राहायचं. काही कळत नाही, थोडं ऊबदार लागतं एवढंच. निळा उजेड मुरुमातले जंतू कमी करतो, तांबडा सूज उतरवतो, हे मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्यासोबत हेही की रोज झोपताना लावायचं मलम चुकवलं तर नुसत्या उजेडाचा उपयोग नाही. मी चुकवलं नाही. काही महिन्यांत माझे गाल सपाट झाले. आरशात बघायला मला पहिल्यांदा कारण लागेनासं झालं.

त्यानंतर मॅडमनी मला मोठं मशीन शिकवलं. ते लेझरचं. त्याचा दांडा हातात धरायचा, थंड जेल लावलेल्या कातडीवर टेकवायचा, बटण दाबायचं. सांगायला सोपं, पण कुणाच्या कातडीला किती जोर द्यायचा, कुठं थांबायचं, यात सगळं आलं. जोर ठरवायच्या मॅडम. हात माझा. माझा हात हलत नाही हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं.

ते मशीन आतून थंड ठेवायला त्यात बाटलीतलं शुद्ध पाणी भरावं लागायचं. मी हे घरी सांगितलं तेव्हा वडील जेवता जेवता थांबले. शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, गावाकडं टँकरच्या मागं माणसं पळत होती.

"माणसाला पानी नाय आन् मशीनला बाटलीचं?" ते म्हणाले.

"एकदा भरलं की कैक महिने चालतं, दादा. तेच तेच फिरतं आतल्या आत," मी म्हणाले.

"आसं व्हय," म्हणून ते पुन्हा जेवू लागले. क्लिनिकमध्येही आम्ही पाणी जपून वापरायचो. तोंड धुवायला तांब्याभर, बाकी ओल्या कापसानं पुसायचं. येणाऱ्या बायका समजून घ्यायच्या, कारण घरी त्यांचीही तीच गत होती.

शहर वाढत होतं तसं गिऱ्हाईक वाढत होतं. वाळूजच्या कारखान्यांतले साहेब लोक, नव्या मॉलमधल्या मुली, लग्न ठरलेल्या नवऱ्या आणि नवरेही. निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गोरं होतं का याच्यानं?" मी सरळ सांगायचे की होत नाही. डाग फिके होतात, नको ते केस जातात, मुरूम बसतात. रंग आईबापांनी दिलेला, तो राहतो. काही जण उठून जायचे. मॅडम आतून ऐकायच्या, पण त्यांनी मला कधी गप केलं नाही.

अशा त्या दिवसांत एका दुपारी आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. बाकड्यावर, तोंडापुढं पदराचं टोक धरून, एसटीच्या धुळीनं भरलेली. आत्याला मी लहानपणापासून तशीच बघत आले होते. बोलताना पदर तोंडावर, हसताना हात हनुवटीवर. मला वाटायचं तिचा स्वभावच लाजाळू.

"दादा घरी हायेत. त्यांना भेटलीस का?" मी विचारलं.

"त्याला मागून भेटते. तुज्याकडंच आले. दार लाव."

मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. तिनं पदर खाली घेतला. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं काळे राठ केस होते. काही कातडीच्या आतच वळून वाढलेले, त्यांच्या पुळ्या झालेल्या, आणि वर्षानुवर्षं उपटून उपटून सगळी हनुवटी काळीनिळी पडलेली.

"लगीन झाल्यापासनं चिमट्यानं उपटते," ती म्हणाली. "दार लावून बसायचं, आरशाचा तुकडा घ्यायचा. कुनाला कळू दिलं नाय. आता छावनीत दार कुटं हाय?"

तेव्हा मला सगळं उमगलं. दुष्काळात आत्या आणि तिचे मालक, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, बैल आणि गाय घेऊन चारा छावणीत राहायला गेले होते. मेंढरं तिचा दीर नगरकडं घेऊन गेला होता. छावणीत वर ताडपत्री, खाली जनावरं, चारी बाजूंनी उघडं. तिथं बायकांना न्हायलाही आडोसा नव्हता. केस उपटायला जागाच मिळेना, आणि दोन दिवसांत ते पदराबाहेर दिसायला लागायचे. कुणीतरी मागून "दाढीवाली" म्हणालं होतं. ते तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसली.

"तुजा तो उजेड मला दे," ती म्हणाली.

मी मॅडमना बोलावलं. मॅडमनी नीट तपासलं, पाळीबद्दल विचारलं, रक्त तपासायला दिलं. पुढच्या खेपेला रिपोर्ट चांगले आले. आतलं काही दुखणं नव्हतं.

"घराण्यातच असतं काही वेळा," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. माझा हात नकळत माझ्या हनुवटीवर गेला.

मग त्यांनी अटी सांगितल्या. चिमटा बंद. हा उजेड केसाच्या मुळाशी असलेल्या काळ्या रंगाला धरतो, मूळच उपटून टाकलं तर त्याला धरायला काही उरत नाही. मधल्या काळात केस वाढले तर वस्तऱ्यानं वरच्यावर काढायचे. आणि तोंडावर ऊन घ्यायचं नाही, कारण रापलेल्या कातडीवर लेझर मारला तर उजेड केसाऐवजी कातडीलाच धरतो आणि भाजतं.

"वस्तरा?" आत्या म्हणाली. "बाईमानसानं? आन् वस्तऱ्यानं तर आनखी दाट येत्यात म्हनं."

"येत नाहीत. लोकांची समजूत आहे ती."

"आन् उनाचं काय करू? छावनीत दुसरं काय हाय ऊन सोडून?"

आत्यानं पदर परत तोंडावर घेतला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "माज्यानं नाय व्हायचं हे." मी तिला स्टँडपर्यंत सोडलं. ती खिडकीशी बसली आणि माझ्याकडं बघितलंही नाही.

पुढच्या रविवारी मी गंगापूरची गाडी धरली, तिथून पुढं जीपनं छावणीवर गेले. मला माहीत होतं की आत्याची अडचण वस्तऱ्याची नव्हती. मामांची होती. त्यांना हे कळू द्यायचं नव्हतं, आणि उघड्या छावणीत त्यांना न कळता वस्तरा चालवणं शक्य नव्हतं. म्हणजे सांगायला लागणार होतं, आणि ती सांगणार नव्हती.

मामा बैलांपुढं उसाचे तुकडे टाकत होते. उंच, वाळका माणूस, कमी बोलणारा. आत्या चुलीपाशी. मी चहा घेतला आणि मामांना सरळ सांगितलं. आत्याच्या हनुवटीवर केस येतात, त्यावर आमच्याकडं उपाय आहे, पण तोवर वस्तरा लावायला लागतो आणि तिला ते जमत नाही.

आत्या चुलीपाशीच तोंड फिरवून बसली. मामांनी हातातला ऊस खाली ठेवला.

"मला काय दिसत नव्हतं व्हय?" ते म्हणाले. "इतकी वर्सं एका घरात ऱ्हातो. तू लपवायचीस म्हनून म्या बगत नव्हतो."

आत्याची पाठ तेवढी दिसत होती आणि ती हलत होती.

मामा उठले. ताडपत्रीच्या मेढीला अडकवलेला त्यांचा छोटा आरसा काढला, पेटीतून वस्तरा काढला, नवं पातं घातलं. दोन बैलांच्या मधे ताडपत्रीची एक घडी खाली सोडली, तेवढाच आडोसा झाला. तिथं आत्याला पोत्यावर बसवलं. साबणाचा फेस केला तोही वाटीभर पाण्यात. मी बाजूला उभी राहून जबड्याची रेघ कुठून कुठपर्यंत ते दाखवलं आणि केस ज्या अंगानं वाढतात त्याच अंगानं पातं न्यायला सांगितलं.

"ते नको शिकवू," मामा म्हणाले. "जल्मभर मेंढरं कातरली." आणि आत्याला म्हणाले, "हालू नगं. मेंढी बी तुज्यापरास गप ऱ्हाती."

आत्या हसली. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होती, आणि हात हनुवटीवर न्यायला बघत होती, पण मामांनी तो हात बाजूला धरून ठेवला होता. मी आयुष्यात नवरा-बायकोच्या प्रेमाच्या बऱ्याच गोष्टी ऐकल्या आहेत. त्या बैलांच्या मधे जे बघितलं त्याच्यापुढं मला त्या फार पाणचट वाटतात.

उन्हाचा मार्गही मामांनीच काढला. दुपारचं जनावरांचं काम त्यांनी घेतलं, सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावरचं आत्यानं. बाहेर जायचं तर मऊ जुन्या धोतराचा दुपदरी तुकडा नाकाखालून मागं बांधायचा, आणि मी दिलेलं क्रीम त्याच्या आत. छावणीत धुळीमुळं सगळ्याच बायका तोंड बांधायच्या, त्यामुळं तिच्याकडं कुणी वळून बघितलं नाही.

हनुवटीच्या पुळ्या बसल्या, रापलेला रंग उतरला, तेव्हा मॅडमनी आधी जबड्याखाली एका ठिकाणी कमी जोरावर करून बघितलं. काही दिवस वाट बघितली. कातडी शांत होती. मग पहिलं सिटिंग. आत्या टेबलावर आडवी, डोळ्यांवर पट्टी, हनुवटीवर फ्रिजमधलं जेल. मी दांडा टेकवला.

"लागलं?"

"बाबळीचा काटा लागावा तसं. चालू दे." थोड्या वेळानं ती नाक ओढून म्हणाली, "काय गं, बोकडाची मुंडी भाजल्यावानी वास येतुया."

मॅडमना हसू आवरेना. केस जळाल्याचा तो वास खरंच तसा असतो, पण इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी त्याला त्याचं नाव दिलं नव्हतं. खर्चाचं म्हणाल तर मॅडमनी घरच्या माणसाचं म्हणून धरलं, त्यावर बोलणं झालं नाही.

दुसऱ्या सिटिंगनंतर मात्र गडबड झाली. हनुवटीवर जराशी लाली आली होती, ती आपोआप जायची. पण छावणीतल्या एका बाईनं आत्याला लिंबू चोळायला सांगितलं, आणि आत्यानं लिंबू चोळून, फडकं न बांधता, दुपार टँकरच्या रांगेत काढली. दोन दिवसांत हनुवटीवर फोड आले आणि मग काळे चट्टे. जिनं लिंबू सांगितलं होतं तिनंच छावणीभर केलं की शहरात नेऊन लाईटनं बाईचं तोंड जाळलं.

आत्या तशीच आली. या खेपेला मामा सोबत होते. मी चट्टे बघितले आणि घाबरले नाही, कारण त्यांचा आकार लेझरचा नव्हता. दांड्याचे ठसे गोल आणि एकसारखे उमटतात. हे ओघळ होते, रस वाहत गेल्यासारखे. मॅडमनीही तेच सांगितलं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी अशी भाजते, त्याला लेझर लागत नाही.

"मंजे उजेडाचं नाय हे?" मामांनी विचारलं.

"नाही. लिंबाचं आणि उन्हाचं. डाग जातील, पण तोवर आपण थांबायचं."

"थांबू," आत्या म्हणाली. "पर सोडायची नाय." ज्या बाईनं कधी म्हटलं होतं की माझ्यानं नाही व्हायचं, तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला माझ्या कामाबद्दल उरलीसुरली शंकाही राहिली नाही. ते चट्टे फिके व्हायला बराच काळ गेला. आम्ही थांबलो. मग जोर आणखी कमी ठेवून परत सुरू केलं.

हळूहळू केस विरळ झाले. मग आठवडा आठवडा वस्तऱ्याची गरज पडेना. पुळ्या गेल्याच, कारण आत वळणारा केसच उरला नाही, आणि कातडी खालून तिच्या मूळच्या सावळ्या रंगावर आली.

त्या सुमाराला मी एकदा तिचं क्रीम द्यायला छावणीवर गेले तर तालुक्याहून एक साहेब पाहणीला आलेले. माणसं भोवती जमून चाऱ्याबद्दल, टँकरबद्दल बोलत होती. सगळे पुरुष. बायका मागं उभ्या. साहेब निघायला लागले तशी आत्या पुढं गेली. ऊन उतरलेलं होतं, तोंडाचं फडकं तिनं सोडलेलं होतं. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

"साहेब, जनावरांचं झालं. बायांचं ऱ्हायलं," ती म्हणाली. "आमाला न्हायला आडुसा नाय. उजाडायच्या आत उरकायचं न्हाईतर दिवसभर तसंच ऱ्हायचं. चार पत्रं उभं करून द्या, पानी आमी आमचं बगू."

आवाज स्वच्छ होता. पदराआडून तो कायम दबका यायचा, त्यामुळं आत्याचा खरा आवाज असा खणखणीत आहे हे मलाही माहीत नव्हतं. साहेब थांबले. छावणी चालवणाऱ्याकडं वळून म्हणाले, "आजपर्यंत का नाही केलं?" तो म्हणाला की कुणी मागितलंच नाही.

"आता मागितलंय," आत्या म्हणाली.

त्याच आठवड्यात पत्रे उभे राहिले. मागच्या बायका आत्याला पुढं करू लागल्या. टँकरची वेळ असो, आजारी जनावराला डॉक्टर बोलावणं असो, "थोरल्या बाईला सांगा" असं सुरू झालं. ते तिच्या हनुवटीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. बोलायची अक्कल तिच्यात आधीपासून होती. तिचा एक हात मात्र कायम तोंडावर गुंतलेला होता, तो मोकळा झाला.

शेवटच्या सिटिंगला मॅडमनी भिंग लावून हनुवटी तपासली. दोन-चार पांढरे केस चमकत होते. "यांना लेझर लागायचा नाही," त्या म्हणाल्या. "उजेडाला काळं लागतं. हे सुईनं काढता येतील, वेगळी पद्धत आहे. करायचं का?"

आत्यानं आरसा हातात घेतला, हनुवटी इकडं तिकडं वळवली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्ये वयाचं हायेत."

पुढच्या वर्षी छावणी उठली आणि आत्या-मामा घरी परतले. नगरकडून थोडी मेंढरं परत आली. मीही पुढं शिकले, लेझरचं रीतसर सर्टिफिकेट घेतलं. मॅडमनी बीड बायपासला दुसरं क्लिनिक काढलं तेव्हा तिथली सगळी मशिनं माझ्या हाती दिली. वडिलांना मी तिथं नेऊन दाखवलं. त्यांनी एकेका मशीनला लांबून हात केला, टेकवला नाही, आणि म्हणाले, "याच्यात बी बाटलीचं पानी?" मी हो म्हणाले. "भरत जा येळच्या येळी," ते म्हणाले.

नव्या क्लिनिकला पहिल्या काही दिवसांत एक बाई आली. बुरखा, सोबत कुणी नाही, हातात सिल्लोडचं एसटीचं तिकीट अजून तसंच. बाकड्याच्या कडेला बसली, नकाब वर केला नाही.

"वो गंगापूरवाली खाला है ना," ती हळू म्हणाली, "एसटी में मिली थी. बोली, उधर जा, वो लडकी को दिखा. गोरे करने का बोलेगी तो वो नहीं करेगी, पण ये करेगी." आणि तिनं बोटानं नकाबावरूनच हनुवटी दाखवली.

मी आतल्या खोलीचं दार उघडलं. "अंदर आओ, आपा," मी म्हणाले. "पहले ये बताओ, दिनभर धूप में कितना रहते आप."